बार ग्राफवरचे प्रश्न नक्की कुठे चुकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीआरई असो, जीमॅट असो नाहीतर दुसरी कुठलीही प्रवेश परीक्षा, बार ग्राफ दिसला की बहुतेकांना वाटतं की चला हे सोपं आहे, आणि मार्क मात्र तिथेच जातात. गणित खरंच सोपं असतं, आठवीच्या पुढचं काही नसतं, पण प्रश्नातला एखादा शब्द किंवा अक्षाच्या कडेला लिहिलेलं एखादं युनिट नजरेतून सुटतं आणि सगळं बरोबर करूनसुद्धा उत्तर चुकतं. म्हणून खाली जे प्रश्न घेतलेत त्यात आकडेमोड कमी आणि वाचायचं कसं हे जास्त आहे.

शक्यतो एकच उदाहरण वापरतो म्हणजे प्रत्येक वेळी नवीन आकडे डोक्यात घ्यायला नकोत. समजा क आणि ख असे दोन कारखाने आहेत, दोघंही प्रिंटर बनवतात, आणि ग्राफमध्ये दर वर्षाचं उत्पादन हजारात दिलंय:

२०१९: क ४०, ख २५
२०२०: क ३०, ख ३५
२०२१: क ४५, ख ३५
२०२२: क ६०, ख ४०
२०२३: क ७५, ख ६०

(आकडे अर्थातच काल्पनिक आहेत. वर्षावर्षाला दोन बार शेजारी शेजारी उभे आहेत असं डोळ्यासमोर आणा, शाळेत ज्याला जोडस्तंभालेख म्हणायचे तो.)

ग्राफ समोर आला की सगळ्यात आधी काय बघायचं?

बार सोडून बाकी सगळं. शीर्षक, दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय, युनिट काय, लेजेंडमध्ये कुठला रंग कोणाचा, खाली बारीक अक्षरात काही टीप आहे का. याला वीस-तीस सेकंद लागतात आणि लोक नेमके तेच वाचवायला बघतात. वरच्या उदाहरणात 'हजारात' हा शब्द सुटला तर २०२३ ला क ने ७५ प्रिंटर बनवले असं उत्तर येईल, आणि पर्यायांमध्ये ७५ ठेवलेला असतोच, पेपर काढणाऱ्याला माहीत असतं कोण कुठे घसरणार ते. शीर्षकात उत्पादन आहे की विक्री, एकूण आहे की प्रति व्यक्ती, आकडा आहे की टक्का, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे तीन-चार प्रश्न त्याच ग्राफवर असतात, त्या सगळ्यांना त्याचा फायदा होतो.

आधी प्रश्न वाचू की आधी ग्राफ?

यावर खूप वाद घालतात लोक. माझं मत, आधी ग्राफची चौकट (म्हणजे वर सांगितलं ते), मग प्रश्न, आणि बारच्या उंच्या सगळ्यात शेवटी, त्यासुद्धा फक्त लागतील तेवढ्याच. सगळे बार वाचून आकडे कागदावर उतरवून घ्यायची सवय असेल तर ती सोडा, दहातले सहा आकडे कुठल्याच प्रश्नात लागत नाहीत.

बारचं टोक दोन रेषांच्या मधे येतं, तेव्हा आकडा काय धरायचा?

अंदाज धरायचा, पण पर्याय बघून. पर्याय १८, २५, ३३, ४१ असे लांब लांब असतील तर बारचा आकडा ४२ धरा नाहीतर ४३, काही फरक पडत नाही. पर्याय जवळजवळ असतील तर समजायचं की ग्राफमध्ये नेमका आकडा कुठेतरी दिलेला आहे, बारच्या डोक्यावर किंवा शेजारच्या टेबलमध्ये, आणि तो आपण बघितला नाही.

जीआरईच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की बार ग्राफसारखे डेटाचे ग्राफ स्केलप्रमाणे काढलेले असतात, त्यामुळे नजरेने अंदाज घेतला तरी चालतो. भूमितीच्या आकृत्यांना मात्र ही हमी नसते, तिथे नजरेवर जायचं नाही.

एक गोष्ट सांभाळायची, वजाबाकी. दोन बार ४३ आणि ३८ चे आहेत आणि तुम्ही वाचले ४२ आणि ३९, म्हणजे चूक एकेकाचीच, पण फरक ५ च्या जागी ३ आला, थेट चाळीस टक्के चूक. बेरजेत आणि गुणोत्तरात असल्या बारीक चुका बऱ्याचदा पचून जातात, जवळजवळच्या उंचीच्या बारांची वजाबाकी करताना नाही पचत. तिथे डोळे ताणून वाचा.

टक्केवारीचे प्रश्नच नेमके चुकतात, काय करू?

इथे जरा थांबून बोलू कारण माझ्या मते अर्ध्याहून जास्त चुका या एकाच ठिकाणी होतात, छेदात. टक्के काढताना छेदात कोण येणार हे प्रश्नाचं वाक्य ठरवतं, ग्राफ नाही.

२०२३ घ्या. क ७५, ख ६०, फरक १५. आता हे तीन प्रश्न बघा:

क चं उत्पादन ख पेक्षा किती टक्के जास्त? छेदात ख. १५ भागिले ६०, म्हणजे २५%.
ख चं उत्पादन क पेक्षा किती टक्के कमी? छेदात क. १५ भागिले ७५, म्हणजे २०%.
ख चं उत्पादन क च्या किती टक्के? ६० भागिले ७५, म्हणजे ८०%.

तेच दोन बार, तीन उत्तरं, आणि चौथा प्रश्न 'एकूण उत्पादनात ख चा हिस्सा किती' असा आला तर छेदात १३५ येतो आणि उत्तर साधारण ४४.४%. मराठीत वाचताना एक खूण उपयोगी पडते, 'पेक्षा' किंवा 'च्या' ज्या नावाला चिकटलंय तो छेदात. 'ख पेक्षा', छेदात ख. 'क च्या', छेदात क. 'एकूणाच्या', छेदात एकूण. इंग्रजी पेपर असेल तर 'दॅन' आणि 'ऑफ' च्या नंतर जे येतं ते. वाढ-घट असेल तर छेदात कायम जुना आकडा, मग तो ग्राफवर डावीकडे असो की उजवीकडे (काही ग्राफमध्ये वर्षं उलटी लावलेली असतात, हो, मुद्दाम).

यातूनच येतो पुढचा घोळ. क २०१९ मध्ये ४० होता, २०२० मध्ये ३० झाला, घट २५%. मग ३० वरून परत ४० ला यायला किती टक्के वाढ लागेल? २५ नाही, ३३.३३. कारण छेद बदलला.

'अडीच पट झालं' आणि '२५०% वाढलं' एकच ना?

नाही! क २०२० ला ३०, २०२३ ला ७५, म्हणजे अडीच पट झालं, नवीन आकडा जुन्याच्या २५०% आहे, पण वाढ १५०% आहे. पर्यायांमध्ये दोन्ही सापडतील.

सगळ्यात जास्त टक्के वाढ कुठल्या वर्षी झाली असं विचारलं तर प्रत्येक वर्षाचं गणित करायचं का?

गरज नाही. क चे बार २०२० पासून बघा, ३०, ४५, ६०, ७५, दर वर्षी बरोबर १५ ची वाढ, ग्राफवर एकसारख्या पायऱ्या दिसतात आणि डोळ्याला वाटतं की वाढ सारखीच आहे. टक्क्यांत ती ५०, मग ३३.३३, मग २५ आहे. उडी सारखी असेल तर जिथून उडी मारली तो बार जितका लहान तितके टक्के जास्त, त्यामुळे अशा वेळी काहीही न मोजता पहिली उडी निवडायची.

उड्या वेगवेगळ्या असतील तर नवीन भागिले जुनं एवढंच तोंडी बघायचं, शंभरने गुणायचंसुद्धा नाही. ख मध्ये २५ वरून ३५ म्हणजे १.४, ३५ वरून ३५ म्हणजे १, ३५ वरून ४० म्हणजे १.१ च्या थोडं वर, ४० वरून ६० म्हणजे १.५. झालं, २०२३. आणि प्रश्नात 'टक्के' हा शब्द आहे की नुसतं 'सर्वाधिक वाढ' आहे हे परत एकदा वाचा, नुसती वाढ म्हटलं असेल तर सरळ सगळ्यात मोठी पायरी.

टक्के आणि टक्के-पॉइंट यात फरक काय?

२०२२ मध्ये एकूण १०० हजारांत ख चा हिस्सा ४०% होता, २०२३ मध्ये ४४.४% झाला. हिस्सा ४.४ टक्के-पॉइंटने वाढला. पण 'हिस्सा किती टक्क्यांनी वाढला' असं विचारलं तर ४.४ भागिले ४०, म्हणजे सुमारे ११%. बातम्यांमध्ये सर्रास दोन्ही एकच समजून लिहितात, परीक्षेत तसं चालत नाही.

एकावर एक रचलेले बार असतात त्यात वरचा भाग कसा वाचायचा?

विभाजित स्तंभालेख. यात फक्त सगळ्यात खालचा भाग अक्षावरून थेट वाचता येतो, वरच्या प्रत्येक भागासाठी वरच्या टोकाचा आकडा वजा खालच्या टोकाचा आकडा. खालचा भाग ३० ला संपतो आणि वरचा ८० ला, म्हणजे वरचा भाग ५० चा, ८० चा नव्हे. ऐकायला बाळबोध वाटतं पण घाईत ८० लिहिणारे भरपूर असतात.

दुसरी अडचण डोळ्यांची आहे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच पायावर उभ्या असलेल्या गोष्टींची तुलना माणूस सगळ्यात अचूक करतो, पाया वेगवेगळा झाला आणि नुसती लांबी ताडायची वेळ आली की अंदाज बिघडतो. रचलेल्या बारमध्ये मधले आणि वरचे भाग हवेत तरंगत असतात, त्यामुळे 'या वर्षी हा भाग मोठा दिसतोय' यावर विसंबू नका, वजाबाकी करा, किंवा कच्च्या कागदाच्या कडेवर दोन खुणा करून त्या दुसऱ्या बारशेजारी नेऊन बघा, स्क्रीनवर परीक्षा असली तरी हे जमतं.

आणि सगळे बार १०० पर्यंत सारख्याच उंचीचे असतात तो?

शतमान स्तंभालेख. त्यात हिस्सा दिसतो, आकडा दिसत नाही. आपल्या उदाहरणात क चा हिस्सा २०२२ मध्ये ६०% आणि २०२३ मध्ये ५५.६%, म्हणजे शतमान ग्राफवर क चा तुकडा बारीक झालेला दिसेल, पण उत्पादन तर ६० हजारांवरून ७५ हजारांवर गेलंय. हिस्सा घटला, आकडा वाढला, दोन्ही एकाच वेळी खरं. असल्या ग्राफवर 'क चं उत्पादन कमी झालं' असं विधान आलं आणि एकूण आकडे कुठे दिलेच नसतील तर ते विधान खरं की खोटं ठरवताच येत नाही.

वाढीच्या दराचा ग्राफ असतो त्यात बार छोटे होत जातात, मग उत्पादन कमी होतंय का?

हा तर सगळ्यांचा आवडता सापळा. ग्राफवर दर वर्षाचा वाढीचा दर २०, १५, १०, ५ टक्के असा उतरता दिसतोय. सुरुवात १०० धरली तर आकडे १२०, १३८, १५१.८ आणि सुमारे १५९.४ होतात. उत्पादन दर वर्षी वाढतच आहे, वाढण्याचा वेग मंदावलाय. उत्पादन खरंच कमी व्हायला बार शून्याच्या खाली जायला हवा. आणि हे दर एकमेकांत मिळवायचे नाहीत, २० अधिक १५ अधिक १० अधिक ५ म्हणजे ५०% वाढ झाली असं नाही, ती साधारण ५९.४% झाली. तसंच एका वर्षी २०% वाढ आणि पुढच्या वर्षी २०% घट म्हणजे जैसे थे नाही, १०० चे ९६ होतात.

वाय अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर?

तर बारच्या उंचीवरून गुणोत्तर काढायचं नाही, अक्षावरचे आकडे वाचूनच काढायचं. अक्ष ४० पासून सुरू आहे, एक बार ५० चा आणि दुसरा ६० चा. चित्रात दुसरा पहिल्याच्या दुप्पट उंच दिसणार, प्रत्यक्षात तो फक्त २०% मोठा आहे. फरक मात्र चित्रातूनही बरोबरच कळतो, दहाचा तो दहाचाच. अक्षाच्या तळाशी नागमोडी खूण दिसली की सावध व्हा, पण ती खूण सगळेच काढतात असं नाही, म्हणून तळाचा आकडा वाचायची सवयच लावा. डावीकडे एक अक्ष आणि उजवीकडे दुसरा असेल तर कुठला बार कुठल्या अक्षाचा तेही आधी ठरवून घ्या, असे ग्राफ बघितले की मला स्वतःला वैताग येतो, पण जीमॅटवाल्यांना ते आवडतात.

सरासरी पटकन कशी काढायची?

मधला वाटेल असा आकडा धरायचा आणि नुसते फरक मिळवायचे. क साठी ५० धरा, फरक येतात उणे १०, उणे २०, उणे ५, अधिक १०, अधिक २५, बेरीज शून्य, म्हणजे सरासरी बरोबर ५०. ग्राफवर ५० वर आडवी रेष मारली आहे असं समजलात तर 'किती वर्षं उत्पादन सरासरीपेक्षा जास्त होतं' हे लगेच दिसतं, दोन वर्षं. ख साठी ४० धरलं तर फरकांची बेरीज उणे ५, पाच वर्षांत वाटली तर उणे १, सरासरी ३९.

बारवर वारंवारता दिली असेल आणि मध्यक विचारला तर?

इथे बारची उंची म्हणजे उत्तर नसतं, उंची म्हणजे मोजणी असते. समजा ३० मुलांनी किती पुस्तकं वाचली याचा ग्राफ आहे: ० पुस्तकं ४ मुलं, १ पुस्तक ६, २ पुस्तकं ९, ३ पुस्तकं ७, ४ पुस्तकं ४. मध्यक म्हणजे सगळ्यांना चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, इथे १५ व्या आणि १६ व्या मुलाच्या मधला. डावीकडून मोजत जा, ४, १०, १९, दोघंही २ पुस्तकांच्या बारमध्ये सापडले, मध्यक २. बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) पण २ च, ९ नाही, ९ ही त्या बारची उंची झाली. सरासरी काढायला प्रत्येक बारचा गुणाकार करून बेरीज, ६ अधिक १८ अधिक २१ अधिक १६, ६१ भागिले ३०, दोनच्या जरा वर. पाच उंच्या मिळवून पाचने भागलं तर ६ येतात, त्याचा पुस्तकांशी काही संबंध नाही, पण पर्यायात ६ असणार बघा.

बार ग्राफ आणि हिस्टोग्राम एकच का?

नाही. हिस्टोग्राममध्ये (शाळेतला आयतालेख) बार एकमेकांना चिकटलेले असतात कारण खाली सलग वर्गांतरं असतात, ०-१०, १०-२० अशी. परीक्षेपुरतं लक्षात ठेवायचं ते हे, वर्गाच्या आत कोण नेमका कुठे आहे ते कळत नाही, त्यामुळे मध्यक 'कुठल्या वर्गात' आहे हे सांगता येतं, नेमका किती ते नाही.

दोन ग्राफ एकत्र दिले की गोंधळ होतो.

एका ग्राफमध्ये आकडे आणि दुसऱ्यात टक्के असं असतं बहुतेक वेळा. दुसऱ्या ग्राफचे टक्के कशाचे आहेत ते शीर्षकात शोधा. समजा २०२२ साठी दुसरा ग्राफ सांगतो की क च्या उत्पादनात रंगीत प्रिंटर २५% आणि ख च्या ५०%. दोघांचे मिळून किती टक्के रंगीत? ३७.५ म्हणणारे खूप. पण क चे ६० हजार आहेत, त्याचे २५% म्हणजे १५ हजार, ख च्या ४० हजारांचे ५०% म्हणजे २० हजार, एकूण १०० हजारांत ३५ हजार, म्हणजे ३५%. मोठ्या गटाचं वजन जास्त पडतं, उत्तर क च्या बाजूला झुकणारच. सरळ सरासरी फक्त दोन्ही गट सारखे असले तरच चालते.

'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही' हा पर्याय कधी निवडायचा?

प्रश्नाला आकडा हवाय आणि ग्राफमध्ये फक्त टक्के किंवा दर आहेत, तेव्हा शंका घ्या. प्रश्नात 'कारण', 'मुळे' असं काही आलं तेव्हासुद्धा. २०२० मध्ये क घटला आणि ख वाढला हे ग्राफ सांगतो, क चे ग्राहक ख कडे गेले हे सांगत नाही. पण दोन दरांचं गुणोत्तर किंवा एकाच गटाची टक्के वाढ मात्र आकड्यांशिवायही निघू शकते, म्हणून 'आकडे नाहीत' म्हणून लगेच हा पर्याय ठोकू नका.

कॅल्क्युलेटर असतो मग तोंडी गणिताची काय गरज?

जीआरईच्या क्वांटमध्ये (म्हणजे गणिताच्या विभागात) स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, जीमॅटमध्ये फक्त डेटा इनसाइट्स विभागात. तरी माऊसने एकेक आकडा दाबण्यात वेळ जातो. अपूर्णांक तोंडपाठ ठेवा, १/६ म्हणजे १६.६७%, १/७ म्हणजे १४.२९, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११, १/११ म्हणजे ९.०९, १/१२ म्हणजे ८.३३. मग ३१८ पैकी ४७ किती टक्के असं आलं तर ३१८ चा सातवा भाग साधारण ४५, ४७ त्याच्या थोडं वर, उत्तर १४.२९ च्या थोडं वर, पर्यायात १४.८ दिसला की उचला.

एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असतील तर अर्धे मार्क मिळतात का?

जीआरईत 'लागू असतील ते सगळे निवडा' प्रकारात सगळे बरोबर निवडले तरच मार्क. जीमॅटच्या ग्राफिक्स इंटरप्रिटेशन या प्रश्नप्रकारात वाक्यातल्या दोन गाळलेल्या जागा ड्रॉपडाउनमधून भरायच्या असतात, तिथेही दोन्ही बरोबर हव्यात. जीआरईत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे काहीच जमलं नाही तरी रिकामं सोडू नका.

वेळ पुरत नाही.

जीआरईत सध्या क्वांटचे दोन भाग आहेत, १२ प्रश्नांना २१ मिनिटं आणि १५ प्रश्नांना २६ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. जीमॅटच्या डेटा इनसाइट्समध्ये २० प्रश्न आणि ४५ मिनिटं. एका ग्राफवर तीन प्रश्न असतील तर ते तिन्ही एकदम करा, मधेच सोडून गेलात तर परत येताना ग्राफ नव्याने वाचावा लागतो. एखाद्या प्रश्नात पाच-सहा भागाकार करावे लागतायत असं दिसलं तर बहुधा तुम्ही लांबच्या रस्त्याने चाललाय, दहा सेकंद थांबून पर्याय बघा.

सराव कसा करू? पुस्तकातले सेट सोडवून संपले.

संपलेलेच सेट परत घ्या, पण उत्तर काढू नका. प्रत्येक प्रश्नासाठी फक्त तीन गोष्टी लिहा, कुठले बार लागतील, छेदात काय येईल, उत्तराचं युनिट काय असेल. नंतर चुकीच्या प्रत्येक पर्यायासमोर लिहा की तो कुठल्या चुकीतून आलाय, उलटा छेद, युनिट सुटलं, वजाबाकी विसरली, शेजारच्या वर्षाचा बार वाचला. थोडे सेट असे केले की नवीन पेपरमध्ये पर्याय बघूनच कळायला लागतं की इथे कशाचा सापळा लावलाय.

आयईएलटीएसमध्ये (इंग्रजीच्या परीक्षेत) बार ग्राफ येतो तोही असाच सोडवायचा का?

तो वेगळा प्रकार आहे. अ‍ॅकॅडेमिक रायटिंगच्या पहिल्या टास्कमध्ये ग्राफचं वर्णन लिहायचं असतं, किमान १५० शब्द, साधारण २० मिनिटांत. तिथे प्रत्येक बारचा आकडा लिहीत बसू नका, ठळक कल काय, सगळ्यात मोठं-लहान काय, कुठे उलटफेर झाला (आपल्या ग्राफमध्ये २०२०, ख फक्त त्याच वर्षी पुढे आहे) एवढं पकडा आणि स्वतःचं मत किंवा कारणं घालू नका, ग्राफमध्ये नाही ते लिहायचं नाही. युनिट मात्र तिथेही आधी वाचा.